मृदंगाचं पीठ

कार्तिकातला सप्ताह उद्या बसायचा आणि तुळसाच्या घरी अजून पीठ आलं नव्हतं.

पीठ गव्हाचं. एक मूठ, वडाच्या पानात बांधलेलं. भात खाणारा मुलूख हा, इथे घरोघर गहू कुठला? पण मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, नुसता फटफट वाजतो. म्हणून देवळाचे मानकरी सप्ताहाच्या आदल्या दिवशी ज्याचा पहारा असेल त्याच्या घरी मूठभर पीठ पाठवायचे. पीठ आलं की समजायचं, देवाचं बोलावणं आलं. नाही आलं तर काय समजायचं, हे साठ वर्षांत तुळसाच्या सासरी कुणाला शिकावं लागलं नव्हतं.

मालवणात तेव्हा गाण्याबजावण्याला तोटा नव्हता. चार माणसं जमली की त्यातले तीन बुवा, आणि चौथा त्यांच्या चुका काढणारा. न्हावी अर्धी दाढी सोडून तान पुरी करायचा. पेठेतला शिंपी मशीनच्या पायटीवर ठेका धरायचा आणि त्या भरात झंपराची बाही उलटी शिवायचा. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे गाणं सुरू झाल्याशिवाय दोराला हात लावत नसत. अशा गावात सप्ताहाचा पहारा असणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सात दिवस, सात रात्री देवळात अखंड नाम चालायचं. एका वाडीने सोडलं की दुसरीने उचलायचं, मध्ये श्वासाएवढीही फट नको. दुपारी बारा ते तीन हा पहारा तुळसाच्या घराचा. वाईट वेळ ती. पहाटेपासून रापण ओढलेली माणसं जेवून खांबाला टेकतात आणि घोरतात. ऐकायला देव आणि दोन म्हातारे. पण मान तो मान. एक साल चुकला की दुसऱ्या घरी गेला, परत मिळायची बात नको.

आधी सासऱ्याने वाजवलं, मग नवऱ्याने, गणपतने. गेल्या वैशाखात गणपतच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय फरफटत का होईना चालू लागला, वाचाही परत आली. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबता राहिला.

दिवेलागण व्हायला आली तशी तुळसाने पदर खोचला आणि ती तडक तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. हरिश्चंद्र तात्या म्हणजे देवळाचे मानकरी, देवळाला लागूनच घर. ओटीवर बसून पान जुळवत होते.

"तात्यानू, आमच्याकडे पीठ इला नाय."

"येवचा नाय," तात्या म्हणाले. "औंदा बाराचो पारो फोनो सांभाळतलो."

तुळसाला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. पण आत माजघरात खरंच पेटीएवढा ग्रामोफोन होता, बाजूला बॅटरी आणि पितळी भोपळ्यासारखा कर्णा. तात्यांच्या मुंबईच्या भावाने देवाला धाडलेला.

"दुपारी ऐकूक कोण असता? सगळे आडवे. फोनो दमणा नाय, ताल चुकणा नाय, च्या पण मागणा नाय. आणि तुज्या घोवाचो हात गेलो, तुळशे. एका हातान कधी टाळी वाजता?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तुळसाला तेव्हा कळलं.

"हात गेलो तात्यानू, मान नाय गेलो! तुमी घराकडे येवन इचारलास? वैशाखापासून त्येची एकदा तरी खबर घेतलास? देवाक काय पेटयेत बंद करून चावी देतलास?"

"मानाचा फुडच्या वर्साक बघू," तात्या म्हणाले आणि त्यांनी पान तोंडात कोंबलं. म्हणजे बोलणं संपलं.

फुडच्या वर्साक! दात काढून झाल्यावर वैद्याने चणे हातावर ठेवावेत तसलं हे बोलणं. परतताना तुळसाने वाटेत भेटेल त्याला ऐकवलं. शिंप्याने मशीन थांबवून मान डोलावली, न्हाव्याने "वायट झाला हां" म्हटलं. पण तात्यांना जाऊन सांगणार कोण? सगळे मूग गिळून बसले. शिरा पडो यांच्या तोंडार, तान मारायला तेवढी तोंडं उघडतात!

घरी गणपत अंधारात बसला होता. ऐकून म्हणाला, "जावंदे गो. देवाक म्हायत आसा."

"देवाक म्हायत आसून काय उपयोग? तात्याक नाय ना म्हायत!" तुळसा त्याच्यावरच खेकसली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याने तोंड फिरवलं होतं आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता.

सकाळी ती वाण्याकडे गेली आणि तिने मूठभर गव्हाचं पीठ आणलं. "चपात्यो करतंस?" वाण्याने विचारलं. घरी येऊन तिने कणीक भिजवून डाव्या पुडीवर थापली. तीस वर्षं तीच भिजवत आली होती, सैल नको, घट्ट नको. मृदंग सुरात लावताना गणपत हातोडी मारायचा आणि उजव्या पुडीवर थाप द्यायची तुळसा, कारण कान तिचा जास्त तिखट. तो रापणीवर गेला की दार लोटून ती वाजवायचीही. शेजाऱ्यांना आवाज जायचा. कुणी विषय काढत नसे, बाईमाणसाने मृदंगाला हात लावायचा नसतो म्हणून.

"खंय चललंस?" तिने मृदंग फडक्यात बांधलेला बघून गणपतने विचारलं.

"देवळात. पारो नसलो तरी देवाक दाखवूक काय हरकत आसा?"

बाराला दोघं देवळात पोचली तेव्हा नेहमीसारखीच माणसं खांबाखांबाला निजलेली. आधीच्या वाडीचे लोक नाम ग्रामोफोनच्या हवाली करून जेवायला गेले होते. सप्ताहाची वीणा, जी घेऊन कुणीतरी सतत उभं राहायचं असतं, ती खुंटीला टांगलेली. बघूनच तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्णा बाहेर आंब्याला बांधला होता आणि ग्रामोफोनजवळ कणकवलीहून बोलावलेला कर्णेवाला शंकर बसला होता, गलमिशा राखलेला थोराड माणूस. तबकडीवर कुणी मुंबईचा बुवा नाम घेत होता. गोड गळा होता, खोटं कशाला बोला.

तीन मिनिटं झाली आणि तबकडी संपली.

शंकरने टाचणी उचलली, तबकडी उलटी केली, चावी दिली, टाचणी बदलली. तोवर देऊळ गप्प. बाहेर कावळा ओरडला तेवढा ऐकू आला.

गणपतने तुळसाकडे बघितलं. तिने त्याच्याकडे. नाम तुटलं होतं! त्याच्या बापाने ताप अंगात असताना तुटू दिलं नव्हतं. भाऊ समुद्रात गेला त्या दुपारी गणपतने रडत वाजवलं होतं, पण तुटू दिलं नव्हतं. आणि इथे त्याचं कुणाला काही नव्हतं. तात्या शेजारी आपल्या ओटीवर कर्णा ऐकत डुलक्या घेत असणार. तबकडीला दोन बाजू असतात आणि ती तीन मिनिटांत संपते, एवढा विचार त्या शहाण्याने केला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तुटलं. तिसऱ्या खेपेला शंकरने टाचणी उचलली मात्र, गणपतने डाव्या हाताने मृदंग मांडीवर ओढला.

धुम.

"विठ्ठल विठ्ठल," तो म्हणाला. आवाज फाटका होता. पुन्हा धुम. मधली जागा रिकामी, लंगडा ठेका, ऐकवेना. उजवी पुडी तशीच पडून. तुळसा उठली. त्याच्या उजव्या अंगाला, जिथे तो मेलेला हात लोंबत होता, तिथे टेकून बसली, तो हात तिने अलगद बाजूला केला आणि आपली थाप दिली.

त्याची डावी, तिची उजवी. पहिली चार आवर्तनं अडखळत गेली. मग तीस वर्षांचा संसार कामाला आला आणि मृदंग असा बोलू लागला की खांबाखांबाची माणसं उठून बसली. शंकर टाचणी हातात धरून तसाच. तुळसाने नाम घेता घेता त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तबकडी खाली ठेवली.

तेवढ्यात तात्या धावत आले, धोतर सावरत.

"बंद कर! बंद कर आधी! बाईमाणूस देवळात मृदंगाक हात लावता? लाज नाय?"

तुळसाच्या जिभेवर उत्तर होतं, चांगलं झणझणीत. पण तोंडात नाम होतं, ते सोडता येईना. तिने थाप मात्र अशी दिली की तात्या दचकले.

खांबाजवळचा म्हातारा महादू डोळे चोळत उठला. "रे तात्या, बंद कशी करतली? नाम चालू आसा."

"म्हणान काय झाला?"

"म्हणान तोडूक येवचा नाय. तोडतलो कोण, तू? मगे फुडे तूच धर. घे मृदंग."

तात्या मृदंगाकडे बघत राहिले. जन्मभर मान घेतला होता, ताल कधी घेतला नव्हता. बाकीचेही त्यांच्याकडे बघत होते. महादूने खुंटीवरची वीणा काढली आणि सरळ त्यांच्या गळ्यात अडकवली. वीणा गळ्यात आली की उभं राहायचं, पहारा संपेस्तोवर बसायचं नाही. हा नियम तर तात्यांनीच दरसाल सगळ्यांना ऐकवला होता. तीन वाजेपर्यंत ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे राहिले आणि विठ्ठल विठ्ठल म्हणत राहिले.

तीनला पुढच्या वाडीने नाम उचललं. तुळसाचा तळवा लाल झाला होता.

तात्या बाहेर आले. "आजचा झाला ता झाला. उद्या मात्र..."

"उद्या काय?" तुळसाचा बांध आता फुटला. "तुमच्या फोनोन अर्ध्या घटकेत दोन खेपे नाम तोडल्यान. आमच्या घरान साठ वर्सात एकदा तोडूक नाय! एका हातान टाळी वाजणा नाय म्हणालास ना? मगे दुसरो हात खंय आसा, ता इचारूचा होता. दारात येवन इचारूचा होता!"

तात्या धोतर सावरत घराकडे वळले. गणपत म्हणाला, "चल गो, भूक लागली." वैशाखापासून हे शब्द त्याच्या तोंडून तिने ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची बायको जानकी वडाच्या पानात पीठ घेऊन आली. तुळसाने पान सोडून बघितलं.

"एक मूठ?"

"दर वर्साक एकच असता गो."

"दर वर्साक वाजवणारो एक होतो. आता दोघां आसंव. बोलावणा दोघांका होया. जानकीकाकी, दुसरी मूठ तात्यांका घेवन येवक सांगा."

जानकी तोंडावर पदर घेऊन गेली, हसू लपवायला असेल. घटकाभराने तात्या स्वतः आले. भर वाटेने, उजव्या मुठीत पीठ धरून, बोटांतून सांडत. न्हावी दाढी सोडून बघायला बाहेर आला होता, शिंपीही.

"घे," तात्या म्हणाले.

तुळसाने हात पुढे केला नाही. "मानाचा पीठ पानात बांधून हाडतत, तात्यानू. तुमकाच म्हायत आसा."

तात्या मूठ तशीच धरून पान तोडायला वडाकडे वळले. गणपत आतून म्हणाला, "पुरे गो आता." तुळसा म्हणाली, "पुरे नाय," आणि पहिल्या मुठीत पाणी घालायला बसली.