नऊ इंच

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली. साठ इंचांची, टोकाला पितळेची पट्टी असलेली. या दुकानात येऊन मला अकरा वर्षं झाली. माझ्यावरचे पहिले तीन आकडे पुसलेत, तरी मी कधी खोटं बोलले नाही, एवढा अभिमान मला आहे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर मशीनवर बसायचे आणि त्यांची बायको शेजारी स्टुलावर काज-बटणं करायची. भिंतीवर टीव्ही. गेल्या वर्षी दर रविवारी संध्याकाळी त्यावर एक रिॲलिटी शो लागायचा. जाड आणि बारीक माणसं एका घरात ठेवायची आणि वजन महत्त्वाचं की तब्येत, यावर त्यांना भांडायला लावायचं आणि शेवटी कुणाचं किती उतरलं ते मोजायचं. गिऱ्हाइकं मुद्दाम त्याच वेळी कपडे न्यायला यायची. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! "एवढं खायचं आणि वर म्हणायचं, मी ठणठणीत आहे!" बेकरीवाल्या काकू म्हणायच्या, तेही हातातला केक संपवत. पडद्यावरची डॉक्टरीणबाई बिचारी सांगायची, नुसत्या आकड्यावरून तब्येत कळत नाही. नेमकं तेवढंच कुणी ऐकायचं नाही.

मास्तरीणबाईंची कंबर चाळीस. मास्तर लाडाने त्यांना 'गब्दू' म्हणायचे. एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तूही घे ना भाग, घरच्या घरी!" तेव्हापासून शो संपला की मला त्यांच्या कमरेला गुंडाळायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा, असा रिवाजच पडला.

अडतीस झाले, टाळ्या वाजल्या. छत्तीसला काकूंनी पाठ थोपटली. मास्तरांनी बायकोचा निळा ड्रेस दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि पुढच्या महिन्यात हौसेने पुन्हा घेतला.

"अहो, मी काहीच करत नाहीये," त्या एकदा म्हणाल्या. "भूकच लागत नाही. पोटातही दुखतं."

"सुरुवातीला दुखतंच गं! त्या शोमधली बाई नाही का म्हणाली?"

मी तेव्हा त्यांच्या कमरेवरच होते. माझ्याखाली हाड लागत होतं. ओरडावंसं वाटलं, पण मला आकडे दिलेत, तोंड दिलेलं नाही.

एकतीसच्या रविवारी आकडा वाचून होईपर्यंत त्यांना उभं राहवलं नाही. स्टूल धरून त्या खालीच बसल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या खंगत होत्या, तुम्हाला कळलं नाही?"

मास्तरांच्या गळ्यात मी तशीच होते. ते म्हणाले, "कळत होतं. दर आठवड्याला मोजत होतो."

दोन महिन्यांनी त्या गेल्या.

आता दुकानात टीव्ही नाही. काज-बटणं मास्तरच करतात, वाकडीतिकडी होतात. मला फार वाईट वाटतं; त्यांचंही आणि माझंही. बाबांनो, मी फक्त इंच सांगू शकते. त्यापुढचं विचारायला माणूसच लागतो.

काल एक शिक्षिका ढगळ झालेला ड्रेस आत घ्यायला घेऊन आल्या. मी कमरेला लागताच हरखून म्हणाल्या, "बघा मास्तर, तीन इंच कमी!"

मास्तरांचा हात थांबला. "मुद्दाम कमी केलंत, की आपोआप झालं?"

त्या हसल्या. मग हसू हळूहळू मावळलं. "आपोआपच. का हो?"

मास्तरांनी मला सोडवलं, ड्रेसची घडी घातली आणि तो त्यांच्या हातात परत दिला.

"आधी डॉक्टरांना दाखवून या, ताई. तोवर मी हा आत घेणार नाही."