थोरकिलची कंबर आणि मी

मी गोळ्यांची डबी बोलतेय. बुटकी, पांढरी, अंगावर नावाऐवजी नुसता क्रमांक. माझ्या पोटात हळदीचा अर्क आहे की साधं पीठ, हे मलाही ठाऊक नाही. जुनी कंबरदुखी अर्काने हटते का, ते तपासायला इस्पितळाने अशा पुष्कळ डब्या घरोघर दिल्या. मी आले डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, थोरकिल या म्हाताऱ्या गवंड्याच्या स्वयंपाकघरात.

रोज सकाळी काळ्या पावाबरोबर तो माझ्यातली गोळी गिळायचा. इस्पितळातली सिसे फोनवर विचारायची, शून्य ते दहा, किती दुखतंय? "दोन. तसं काही वाईट नाही," तो म्हणायचा. मी फुशारून जायचे.

पण बायको कार्ना बाहेर गेली, की हा गडी हातापायांवर जिना चढायचा. मोजा घालताना ओठ चावायचा. या किनाऱ्यावर दुखणं सांगायची लाज. छप्पर उडालं तरी माणसं म्हणतात, बरा वारा सुटलाय. सुरुवातीलाही हा दोनच म्हणाला होता. मग माझी परीक्षा व्हायची कशी? मी कुचकामी असले, तर उद्या किती दुखणाईत मला उगाच गिळत बसतील! खरं बाहेर काढायचंच, असं मी ठरवून टाकलं.

शेवटच्या भेटीला थोरकिल आणि कार्ना मला घेऊन इस्पितळात सिसेकडे गेले. थोरकिलने मला तिच्या टेबलाच्या कडेला आडवं ठेवलं आणि पुन्हा "दोन" म्हणाला. सिसे लिहिणार, तोच मी घरंगळले. तो उचलायला वाकला आणि अडकला. ना खाली, ना वर.

दोघींनी त्याला धरून बसवलं. सिसेने हळूच विचारलं, "हेच कार्नाबाईंना दुखत असतं, तर किती सांगितलं असतं तुम्ही?"

तो कार्नाकडे बघत राहिला. "आठ," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीही आठच होतं."

"आणि मला सांगत होतास, बूट घट्ट झालेत म्हणून," कार्ना म्हणाली.

म्हणजे त्याच्या कमरेला माझा काडीचा उपयोग झाला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला पाठवलं होतं ते खरं कळावं म्हणून, आणि ते मी करून दाखवलं.

आता मी इस्पितळाच्या कपाटात आहे. सगळ्यांची उत्तरं जमली, की माझ्या पोटात काय होतं ते कळेल. तुम्हाला कोणी विचारलं, तर दुखणं आहे तेवढं सांगा, एवढंच मागणं.

त्या दिवशी इस्पितळातून निघताना थोरकिलच्या बुटाची नाडी सुटली होती. कार्ना खाली बसली. त्याने पाय मागे घेतला, क्षणभर थांबला, आणि मग पुढे केला.