श्वास घेणारा दगड

खाणीच्या ऑफिससमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. उशीबाबानं बाटलीतून गोल दगडावर मंतरलेलं पाणी सोडलं, सुरसुरत फेस आला आणि सगळ्या माना एकदम झुकल्या. ज्याचं मन निर्मळ, त्याच्याच हातातला दगड श्वास घेतो, असं बाबा सांगत होता. बाबाच्या मनाची चौकशी मात्र कुणी केली नाही.

ऑफिसमागच्या सामानाच्या खोलीत खाणमालकाची सून दमेकरी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. दाराला बाहेरून कुलूप होतं. खाणीच्या कड्यात हे गोल दगड उशांची चळत रचावी तसे बसलेले. त्यांतून सरळ लादी निघत नाही म्हणून खाणवाल्यांनी ते वर्षानुवर्षं कचऱ्यात लोटले, निरखून कधी पाहिलेच नाहीत. बाबाला तिथे गादी मांडायची होती आणि नातीच्या आजारानं हवालदिल झालेला आजोबा त्याला आयताच सापडला. काल सुनेच्या हातातला दगड गप्प राहिला. आईच्या मनात किंतु आहे, म्हणून पोरीला गुण येत नाही, असा बाबानं निकाल दिला. दगड श्वास घेईपर्यंत मायलेकींनी त्याच्यापाशी बसायचं, औषध बंद. सासऱ्यांनी दम्याचा पंप काढून खिशात टाकला. नवरा खाली मान घालून उभा राहिला, त्याचा तिला जास्त राग आला.

पोरीच्या छातीत शिट्टी वाजत होती. हाका मारून सुनेचा घसा बसला होता. आपलंच मन काळं असेल का, अशी शंकाही तिला खाऊ लागली होती.

तेवढ्यात खिडकीच्या गजांशी नणंद आली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. बापाशी भांडून ती थकली होती. नवा पंप आणायला माणूस धाडला होता, पण औषधाचं दुकान लांब होतं.

"ताई, सगळ्यांचा दगड श्वास घेतो, माझाच का नाही?"

"अगं, दगड कुठला श्वास घेतोय? त्यातले पांढरे ठिपके बघ आधी."

ताईनं भराभर सांगितलं. फार फार पूर्वी समुद्राचा तळ चिरला आणि लाव्हा थंड पाण्यात आला. त्याची साल जागच्या जागी गोठली, आतला रस ती फोडून पुढे आला, त्याचा नवा गोळा झाला. अशी चळत बनली. गोळ्यांत बुडबुड्यांची भोकं राहिली, त्यांत पुढे चुन्याचे खडे साचले. मग कोट्यवधी वर्षं सरकत तो तळ दुसऱ्या भूमीला धडकला. त्याचा एक तुकडा खाली दबायच्या ऐवजी वर चढून बसला, तीच ही खाण.

"चुन्यावर आंबट पडलं की फेस येतो. बाबाच्या पाण्याला वास येतो का गं?"

सून आठवू लागली. इतरांच्या वेळी गुलाबाचा घमघमाट असायचा, तिच्या वेळी काहीच नव्हता. आंबट वास झाकायला गुलाब, आणि तिच्यासाठी नुसतं नळाचं पाणी. फळीवर काचा पुसायचं व्हिनेगर होतं. तिनं ते दगडावर ओतलं. फेस आला. तिला रडूच फुटलं, आणि मग संताप.

दगडानं श्वास घेतला म्हणून तिनं दार बडवलं. दार उघडलं. पुढे बाबा आणि सासरे, मागे गर्दी. फेस पाहून बाबा बावचळला, पण लगेच सावरला. "माझ्या कृपेनं हिचं मन निर्मळ झालं."

सुनेनं उरलेलं व्हिनेगर चुन्याच्या भिंतीवर उडवलं. पोपड्यांवर बुडबुडे फुटू लागले.

"मग ही भिंतही निर्मळ मनाची का? हे काचा पुसायचं व्हिनेगर आहे. मामंजी, बाबांच्या बाटलीतलं पाणी चाखून बघा."

बाबा बाटली मागे सारू लागला. सासऱ्यांनी ती ओढून घेतली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी खिशातला पंप काढून सुनेला दिला.

पोरीनं औषध ओढलं. शिट्टी हळूहळू मंदावली. तिला कडेवर घेऊन सून बाहेर पडली, दवाखान्याच्या दिशेनं. मागून नवरा निघाला. तिनं त्याला थांब म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.

त्या गर्दीत एकानं जरी आधी बाटलीचा वास घेतला असता, तरी एका लेकराचा जीव असा टांगणीला लागला नसता. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, पाण्यात काय आहे. खऱ्या गोष्टीला या प्रश्नाची भीती वाटत नाही.