चौकाची भिंत

मित्रांनो, आज मला पाहून कुणी भिंत म्हणणार नाही. दाराच्या बाजूने मी फुगले आहे आणि खालून भुसा गळतो आहे. तरीही मी एक जुनी कुडाची भिंत आहे, भिवंडीबाहेरच्या डोंगराखाली वारली पाड्यावर उभी असलेली.

सखी लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी माझा जन्म झाला. डोंगरावरच्या कारवीच्या काठ्या तोडून मला विणलं. त्याच डोंगराची लाल माती शेणात कालवून सखीने मला लिंपलं. तिचा हात मोठा चांगला, पण तोंड भारी तिखट. कुणी मला टेकून बसलं की ओरडायची.

लग्नसराईत माझा मान वाढे. आमच्याकडे चौकाशिवाय लग्न लागत नाही. तांदूळ वाटून त्या पांढऱ्या पिठाने सखी माझ्यावर चौकोनी नक्षीचा चौक काढी आणि मधोमध पालघट देवी. देवी पुरी झाली की तिच्यावर लगेच फडका टाकायचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवीला बोलावते, मगच फडका निघतो. लग्नानंतर चौकाला कुणी हात लावत नाही. देवी पुसायची नसते. पावसाच्या ओलीने पीठ पोपडे धरून गळतं, देवी आपली आपण जाते आणि दिवाळीच्या आधी मला नवं लिंपण मिळतं. असे किती चौक मी अंगावर वागवले! खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

मग जवळच्या काल्हेरला गोदामं वाढली. त्यांच्या भरावाला मुरूम हवा, म्हणून आमचा डोंगर खणायला काढला. सखीचा मुलगा कल्पेश तिथेच डंपरवर लागला. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही. घरात भात त्याच कामाचा शिजत होता.

गेल्या माघात कल्पेशच्या मुलीचं, मनिषाचं लग्न ठरलं. लग्नासाठी मला ताजं लिंपायला सखी टोपली घेऊन लाल मातीला गेली. दुपारी परतली तेव्हा टोपली रिकामी होती. तिने शेतातली काळी माती लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी ती तडकून पडली. लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि म्हातारी ओट्यावर नुसती बसून होती.

कल्पेशने त्याच्या परीने तोड काढली. त्याच्या मोबाईलमध्ये एका जुन्या चौकाचा फोटो होता. भिवंडीला जाऊन त्याने त्याचं फ्लेक्स छापून आणलं आणि खिळे मारून माझ्यावर ताणून बसवलं. सखीने सवयीने त्यावर फडका टाकला. पण दुकानापासून पाड्यापर्यंत रिक्षावाल्यानेही ती देवी पाहिली होती. धवलेरी गायली आणि लग्न लागलं. मनिषा सासरी गेली.

पावसाळा आला. ओल फ्लेक्सच्या मागे शिरली ती तिथेच कोंडली. मला श्वास घेता येईना. मग वाळवी आली. माझ्या काठ्या आतून पोकळ होत गेल्या आणि वर देवीचा रंग मात्र तसाच चकचकीत राहिला. दिवाळीच्या आधी सखीने माझ्यावर हात फिरवला तेव्हा तिला सगळं कळलं. कल्पेश पक्कड घेऊन आला, पण खिळ्याला लावायची त्याला छाती होईना. त्याने आईला विचारलं, "काढू का, आये?"

सखीने त्याचा पक्कड धरलेला हात बाजूला सारला. मग म्हणाली, "चौक हाय तो. हातानं कसा काढशील? आपली देवी आपली आपण जायची. हिला जायाचं कळतच न्हाय."

पक्कड परत पेटीत गेली. त्या दिवसापासून सखी माझ्या बाजूला पाठ करून जेवते. ते मला वाळवीपेक्षा जास्त लागतं.

आता उन्हाळ्यात मला पाडून सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घालणार आहेत. डोंगराच्या मागच्या अंगाला कारवीचं एक बेट अजून उरलं आहे, असं कल्पेश परवा सांगत होता. त्याच्या आसपास थोडी लाल मातीही आहे. महिन्याभरात मशीन तिथे पोचेल. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला जमलं तर तेवढं तरी वाचवा. माझ्यासाठी नव्हे, मी आता संपले. पण उद्या मनिषाला मुलगी झाली, तर तिच्या लग्नाला भिंत लागेल.