हेडचा दोष

मिस्त्रीच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला दोन-चार हेड गॅस्केट लटकवलेल्या असत. गिऱ्हाइकं गमतीनं म्हणत, मिस्त्रीनं भिंतीचे कान टोचलेत. पन्नास-साठ वर्षांच्या मोटरसायकलींची इंजिनं खोलून पुन्हा उभी करायची, हा त्याचा धंदा. खाली सिलिंडर, वर हेड आणि दोघांच्या मध्ये ही पातळशी चकती. इंजिनात प्रत्येक वेळी जो भडका उडतो, तो बाहेर फुटू नये म्हणून तिनं दोन्हीकडून दाबून घ्यायचं. कुठल्या इंजिनाला कुठली चकती, हे मिस्त्री पुस्तक न उघडता सांगायचा, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

ड्रायव्हरकाकांची मोटरसायकल त्याच्याकडे आली तेव्हा ती अकरा वर्षं बंद होती. काकांनी आयुष्यभर बस चालवली. ही गाडी त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतली होती, आणि आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलगी ऐंशी किलोमीटरवर राहायची. तिनं त्या रविवारी दुपारी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं होतं. काकांच्या मनात एकच होतं, की पन्नास वर्षांपूर्वी बायकोला जिच्यावर बसवून घरी आणलं, तिच्यावरच बसवून मुलीच्या दारात जायचं.

हेड आणि सिलिंडर दोन्ही वाकले होते. मिस्त्रीनं ते नेहमीप्रमाणे दाजींकडे पाठवले. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं लेथ होतं आणि शेजारी एक ग्राइंडर. ग्राइंडरवर घासून, म्हणजे फेसिंग करून, ते हेड असं सपाट करून द्यायचे की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर कुठं वळावं ते त्याला कळू नये. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतरचं हे पहिलंच बारीक काम.

दोन्ही बाजूंनी धातू घासला गेल्यामुळे आता गॅस्केट जाड लागणार होती, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडले असते. भिंतीवरच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या आणि पत्र्याच्या सगळ्या चकत्या पातळ निघाल्या. हव्या त्या जाडीची एकच होती, तांब्याची, आणि तीही दुसऱ्या इंजिनातून काढलेली. त्यात वाईट काही नाही. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवलं की पुन्हा मऊ पडतं. मग ते हेडच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसतं. मिस्त्रीनं चकती टेबलावर आपटली. टण्ण असा आवाज आला. मऊ तांबं असं वाजत नाही, ते नुसतं थप्प करतं.

शुक्रवारची दुपार होती. बर्नर पेटवायला गेला तर गॅसचा सिलिंडर संपलेला. नवा सोमवारी मिळणार होता. काका शनिवारी सकाळी गाडी न्यायला येणार होते.

त्यानं काकांना फोन करून दोन दिवस थांबा म्हणायला हवं होतं. किंवा चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे जायला हवं होतं, पण गेल्याच महिन्यात त्याच्याशी वाजलं होतं, आणि त्याच्या दारात उभं राहायचं मिस्त्रीच्या जिवावर आलं. त्यानं चकतीच्या दोन्ही अंगांना चिकट लेप फासला, ती बसवली, आणि नट नेहमीपेक्षा जरा जास्तच आवळले. इंजिन पहिल्या किकला सुरू झालं. वेळ मारून नेली, असं त्याला वाटलंसुद्धा नाही. त्याला वाटलं, जमलं.

रविवारी पंचेचाळिसाव्या किलोमीटरला, चढावर, गॅस्केट फुटली. फस् फस् करत गाडी उभी राहिली. काका आणि काकू रस्त्याच्या कडेला एका मैलाच्या दगडावर आळीपाळीनं बसले. तीन तासांनी फर्निचर घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना गाडीसकट मागं चढवलं. ते मुलीकडे पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाहुणे जेवून, वाट पाहून निघून गेले होते.

मंगळवारी काकांच्या समोरच मिस्त्रीनं हेड उतरवलं. तांब्यावरून एक काळी वाट आतून बाहेरपर्यंत गेली होती. चकती कडकच्या कडकच होती, कुठंही दबली नव्हती. का फुटली ते त्याला त्याच क्षणी कळलं. काका रागावले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, की असं कशानं झालं असेल.

"हेडचं फेसिंग नीट झालेलं नसावं," मिस्त्री म्हणाला.

नसावं. तो ‘नाही’ म्हणाला नाही, ‘नसावं’ म्हणाला. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की आपण कुणाचं नाव घेतलं नाही. पण काकांनी साहजिकच विचारलं की घासलं कुणी, आणि मग ते म्हणाले, चला, आपण दोघंच जाऊन पुन्हा घासून आणू.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. हेड हातात घेतलं, फडक्यानं पुसलं. सपाट लोखंडी पाटावर निळा रंग पसरला आणि हेड त्यावर हलकेच फिरवून उलटं केलं. जिथं रंग लागत नाही तिथं खड्डा, हा त्यातला हिशेब. दाजी खिडकीपाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, परत डोळ्यांवर घेऊन पाहिलं.

"मला तर सगळीकडे निळं लागलेलं दिसतंय," ते म्हणाले. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "तू फट मोजायला फिलर लावून पाहिलंस ना?"

मिस्त्रीनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग माझ्याच डोळ्यांचं काहीतरी असणार," दाजी म्हणाले, आणि त्यांनी काकांची माफी मागितली. काका मनाचे मोठे. म्हणाले, वय झालं की व्हायचंच असं, मलाही शेवटच्या वर्षात रात्रीची बस देत नव्हते. समजूत घालायलाच म्हणाले ते, पण दाजींचा चेहरा एवढासा झाला. निळं अगदी सगळीकडे लागलं होतं. मिस्त्रीला ते चार हातांवरून दिसत होतं.

चांगलं सपाट हेड गरज नसताना पुन्हा घासलं गेलं. या वेळी मिस्त्रीनं नवीन तांब्याचा पत्रा आणून आणखी जाड चकती कापली. लाल केली, विझवली, काजळी पुसली. ती हातावर आडवी धरली तर ताज्या पोळीसारखी दोन्हीकडून लवत होती. पहिल्यांदा चालवून, पूर्ण थंड होऊ देऊन नट पुन्हा आवळले. गाडी उत्तम झाली. काकांनी दुकानात येऊन त्याची पाठ थोपटली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. रस्त्यात दाजी दिसले की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. बारीक काम निघालं की ते बाजूला ठेवून द्यायचा. दाजी समजले, की याचा आपल्यावरचा विश्वास उडाला. त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला, की आता माझ्याकडे हेड पाठवू नकोस, बुश, दांडे असं लेथवरचं जाडंभरडं काम असेल तर पाठव.

दीड महिन्यानं ताई गॅरेजमध्ये आली. एरवी ती तिथं कधी यायची नाही, तेलाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं. उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "अरे, यांनी ग्राइंडर विकायला काढलंय. परवा माणूस येऊन बघून गेला, सोमवारी न्यायला येतोय. दिवसभर नुसते बसून असतात. भाजीतला खडासुद्धा मला विचारून काढतात, म्हणतात माझ्या नजरेचा भरवसा नाही. डॉक्टर तर म्हणतात, डोळे तिशीतल्या माणसासारखे झालेत. तू तरी समजाव. तुझं ऐकतील."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. सांगताना तो इंजिनाकडेच बघत होता. तो थांबला तेव्हा ती उठली, साडीला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाली, "हे मी त्यांना सांगणार नाही. तू चल."

दाजी बिछान्यावर भिंतीला टेकून बसले होते. मिस्त्री उभ्यानंच बोलला. तांबं तापवलं नव्हतं, हेड सुतासारखं सरळ होतं, फिलर लावलाच नव्हता. एवढं बोलायला मिनिटभरही लागलं नाही. दाजींनी दोन्ही हातांचे पंजे गुडघ्यांवर ठेवले आणि ते त्या पंजांकडेच बघत राहिले. ते ओरडतील, निदान घालून पाडून बोलतील, याची तयारी करून मिस्त्री आला होता.

"निळं सगळीकडे लागलं होतं?" दाजींनी विचारलं.

"हो."

"तुलाही दिसत होतं?"

"दिसत होतं."

मग दाजी म्हणाले, "चुकलास त्याचं मला काही नाही. गॅस्केट कुणाचीही फुटते. पण मी खिडकीपाशी उभा राहून माझेच डोळे तपासत होतो, आणि तू बघत होतास." त्यांनी चप्पल शोधली. "चल. त्या ड्रायव्हरसमोर बोल. मी माफी मागितली तिथं तू माग."

काकांच्या घरी काकू सुपात शेंगा निवडत बसल्या होत्या. मोटरसायकल अंगणात चादरीखाली उभी होती. मिस्त्री दुसऱ्यांदा तेच बोलला, आणि दुसऱ्यांदा ते सोपं गेलं नाही. काकांची मान हळूहळू खाली गेली. पण आधी बोलल्या त्या काकू.

"म्हणजे माझ्या वजनानं नाही झालं?"

कुणाला काही कळेना. मग काकांनीच अडखळत सांगितलं. त्या संध्याकाळी टेम्पोतून उतरताना जावई थट्टेत म्हणाला होता, की गाडी एकट्यासाठी बांधली होती, सासूबाई बसल्या आणि तिचा जीव गेला. घरातले सगळे हसले. काकूही हसल्या. त्यानंतर त्या गाडीवर बसल्या नाहीत. काका रोज म्हणायचे चल, आणि त्या म्हणायच्या गुडघे दुखतात.

"मी दीड महिना भात सोडलाय," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की रडू, ते मिस्त्रीला ओळखता येईना. जिचा त्यानं विचारही केला नव्हता, अशी एक बाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत होती. त्यानं हात जोडले.

काका उठून दाजींजवळ गेले आणि आपण वयाचं बोललो ते मागं घेतो म्हणाले. मिस्त्रीला ते म्हणाले, "गाडी चांगली चालते. पण यापुढे तुमच्याकडे आणणार नाही. राग म्हणून नाही. तुम्ही काही सांगितलंत की मला ते दुसऱ्याला विचारावं लागेल." हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं, म्हणूनच मिस्त्रीला ते पुढेही विसरता आलं नाही.

दाजींनी ग्राइंडर विकलं नाही. सोमवारी आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं, आणि तो आठवडा संपायच्या आत चौकातल्या वेल्डिंगवाल्याचं काम घेतलं. मिस्त्रीचं मात्र घेतलं नाही. तो हेड घासायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. तिथलं काम बरं होतं, एवढंच. ताईच्या घरी तो जायचा तेव्हा दाजी त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचे, पोराबाळांची चौकशी करायचे. पुढच्या खोलीचं दार मात्र लोटलेलं असायचं. मिस्त्रीनंही कधी ते ढकललं नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी दार उघडं होतं. दाजी पाठमोरे उभे होते, हातात कुणाचं तरी हेड होतं. मिस्त्री उंबऱ्याशी थांबला. दाजींनी मागं न बघता विचारलं, की सध्या हेड कुणाकडे देतोस. त्यानं सांगितलं.

"तो घाई करतो," दाजी म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

दार लोटायला ते वळले नाहीत. मग आतून ताईनं हाक मारली, तसा मिस्त्री तिकडे गेला.