गव्हर्नरचा पहिला हुकूम

फिब्बाला चौकशा केल्याशिवाय अन्न पचत नसे. थर्लो मालकांच्या घरात चूल तिची, आणि कान सगळ्या घरभर. म्हणून तर तिला सर्वांआधी कळलं, की निवडणूक आटोपली की मालक आपले घोडे साखरेच्या बेटांवर विकायला पाठवणार आणि त्यांच्याबरोबर क्वाकोलाही. क्वाको म्हणजे तिचा नवरा, मालकांचे घोडे सांभाळणारा. त्या बेटांवरच्या उसात गेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

पण रडत बसणारी बाई नव्हती ती. जूनमध्ये अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेटचे सगळे गुलाम आपला मानाचा गव्हर्नर निवडत. त्या दिवशी मालकलोक आपापल्या माणसाला स्वतःचा कोट, तलवार, घोडा देत. ज्याचा माणूस जिंकेल त्याची कॉलर ताठ, आणि जेवणावळही त्याच्याच अंगणात. फिब्बाने विचार केला, गव्हर्नरला विकायची कुणाही मालकाला लाजच वाटणार. झालं! तिने क्वाकोला उभं केलं आणि दारोदार फिरली. कुणाला मक्याची भाकरी दिली, कुणाला गोड बोलली, कुणाला जुने उपकार ऐकवले.

एक गोष्ट मात्र तिला काही केल्या कळेना. क्वाको स्वतः कुणाकडे मत मागत नव्हता. त्या दिवसासाठी मालकांनी दिलेल्या घोडीला तेवढा रोज जास्तीचा दाणा चारत होता. तिला नवे नाल ठोकले, खोगिरामागे बायकोसाठी गादी बांधली. हरायची तयारी की मिरवायची? फिब्बाने खोदखोदून विचारलं, तरी गडी हूं की चूं करेना. याच्यापेक्षा तबेल्यातली घोडी बरी, निदान खिंकाळते तरी, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

निवडणुकीच्या सकाळी मोठ्या ओकच्या झाडाखाली क्वाको आणि प्राइमस असे दोघे उमेदवार उभे राहिले आणि लोक आपापल्या माणसामागे रांग धरू लागले. क्वाकोची रांग पार कुंपणापर्यंत गेली. त्याला दरदरून घाम फुटला होता. त्याचा कोट नीट करायच्या निमित्ताने फिब्बा पुढे झाली.

"हरायचं होतं गं मला," तो हळूच म्हणाला. "हरलेल्याकडे कोण बघतं? सगळे प्राइमसला घेऊन जेवायला पळाले असते, आणि आपण दोघं घोडीवरून दलदलीपलीकडे, पळून गेलेल्या तुझ्या मावशीकडे."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

तेवढ्यात आरोळी झाली, आता कुणी जागचं हलायचं नाही. मोजणी झाली आणि क्वाको जिंकला.

फिब्बाला अजूनही थोडी आशा होती. थर्लोंनी क्वाकोची पाठ थोपटली आणि शेजारी उभ्या, घोडे नेणाऱ्या जहाजाच्या कप्तानाकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही गव्हर्नर नेताय, कप्तान. भाव वाढवा." सगळे मालक हसले. आपल्याच हाताने आपण नवऱ्याला जहाजावर चढवलं, या विचाराने फिब्बाला स्वतःचा संताप आला.

अंगणात पानं वाढली गेली. भाजलेले हंस, मक्याचं पुडिंग, सगळं तिनेच रांधलेलं. मधोमध क्वाको, आणि शेकडो डोळे त्याच्यावर. फिब्बाने भुकेली तोंडं पाहिली, मग कुंपणाला बांधलेली घोडी पाहिली. त्या दिवशी गव्हर्नरचा हुकूम म्हणजे कायदा असे, आणि मालकही तो गंमत म्हणून हसत हसत पाळत. ताट ठेवता ठेवता ती त्याच्या कानाशी वाकली.

क्वाकोने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तो उठला.

"गव्हर्नरचा पहिला हुकूम," तो म्हणाला. "बायकोला माझं राज्य दाखवून आणतो. मी येईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, कुणी उठायचं नाही. मालकांनी जातीने लक्ष ठेवावं."

मालकांना हसू आवरेना. कप्तानाच्या हातातला चमचा थर्लोंनी स्वतः काढून घेतला.

वळण येईपर्यंत घोडी झुलत, डौलात चालली. फिब्बाने एकदा मागे पाहिलं. सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. मग क्वाकोने टाच मारली.

दलदलीपलीकडे त्यांचं घर झालं, पोरं झाली, नातवंडंही झाली. पण म्हातारपणीसुद्धा जेवायला बसताना फिब्बा हमखास विचारायची, "पहिला घास शेवटी कुणी उचलला असेल रे?"

"मी कुठं परत गेलोय अजून?" क्वाको म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.