मी दानपेटी नव्हते

मी एक पत्र्याची पेटी. पुढं काय सांगू? इथंच माझं घोडं अडतं बघा. मी नेमकी कुणाची, हेच मला कितीतरी दिवस कळत नव्हतं!

माझा जन्म सोलापुरातल्या एका पत्रेवाल्याच्या दुकानातला. तो देवळांच्या दानपेट्या करायचा. मलाही त्याच मापात ठोकलं, वर फट पाडली, लाल रंग फासला. मग आरोग्य खात्याच्या आशाताई शरणम्मा मला अक्कलकोटकडच्या आपल्या गावी घेऊन गेल्या. आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती चालली होती, म्हणून मला महादेवाच्या सभामंडपात खांबाला टांगलं. दर शनिवारी तिथं शरणम्मांच्या आरोग्याच्या बैठकीला गावातली तरुण पोरंपोरी जमायची.

"जे तोंडानं बोलवत न्हाय ते लिहून हिच्यात टाका," शरणम्मा त्यांना म्हणाल्या. "नाव नको. डॉक्टरीणबाईंना विचारून उत्तर देते."

दुसरी किल्ली त्यांनी पुजारी सिद्धप्पांकडे ठेवली, पहिली हरवली तर असावी म्हणून. पेटी कशासाठी, ते सांगायचं मात्र घाईत राहून गेलं. सिद्धप्पांना वाटलं, बाईंनी देवाला दानपेटीच वाहिली.

झालं! बायका मला कुंकू लावू लागल्या. कुणी हात जोडायचं, कुणी नाणं टाकायचं. अहो, मी सरकारी की देवाची? चिठ्ठ्याही पडायच्या. सिद्धप्पा रोज आरतीनंतर मला उघडायचे, चिठ्ठ्या न वाचता पिंडीपाशी ठेवायचे आणि सकाळी विहिरीत सोडायचे. शनिवारी शरणम्मा उघडायच्या, तर मी रिकामी! "आपल्या पोरास्नी अडचणच न्हाय की," असं म्हणत त्या वहीत तसंच लिहायच्या. मला वाटायचं, असंच करत असतील. माणसांचं आपल्याला काय कळतं?

पण दहावीतल्या सिद्धेश्वरीनं माझी झोप उडवली. चिठ्ठी टाकण्याआधी ती पुटपुटत वाचायची. 'चार पायऱ्या चढले की दम लागतो. पाळी पंधरा पंधरा दिवस थांबत नाही. आई म्हणते, मोबाइल बघून चक्कर येते. मी मरणार का?' अशा तीन चिठ्ठ्या तिनं टाकल्या. दर वेळी तिचा चेहरा आणखी पांढरा दिसायचा. मला लई भीती वाटायची, पण पत्र्याला तोंड कुठलं?

एका दुपारी तिनं मला थाडकन चापट मारली. "उत्तर द्यायचं नव्हतं तर कशाला टांगून घेतलंस?" एवढं म्हणून ती खांबाशी मटकन खाली बसली.

समया घासत बसलेले सिद्धप्पा धावले. "काय झालं गं अव्वा? देवाशी भांडतीस व्हय?"

"देवाशी न्हाय. शरणम्माबाईंच्या पेटीशी. तीन चिठ्ठ्या टाकल्या, आजारपणाच्या."

"शरणम्माची पेटी?" सिद्धप्पांच्या हातातली समई खाली पडली. "म्हंजे ते नवस नव्हते?"

म्हातारा अनवाणीच पळत सुटला. शरणम्मा रिक्षा घेऊन आल्या आणि पोरीला दवाखान्यात नेलं. अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं. बाटल्या चढवल्या, औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पंधरवडा गेला असता तर अवघड होतं. आता ती बरी आहे. शाळेला सायकलवरून जाते, माझ्याकडं बघून थोडी ओशाळते.

पण त्या संध्याकाळी सिद्धप्पा शरणम्मांपुढं मान खाली घालून उभे होते. "देवाला सांगितलेलं आपण वाचू नये, म्हणून एकबी उघडली न्हाय. सगळ्या मिळून अकरा होत्या."

"आणि मी वर कळवलं, गावात सगळं ठीक हाय," शरणम्मा म्हणाल्या.

अकरातल्या तीन सिद्धेश्वरीच्या. बाकीच्या आठ कुणाच्या? हाताला घाम फुटलेला एक मुलगा आठवतो. घडी घालून घालून चिठ्ठी शेंगदाण्याएवढी केलेली एक मुलगी आठवते. नावं मला ठाऊक नाहीत. शनिवारी शरणम्मा सगळ्यांना विचारतात, कुणीच मान वर करत नाही.

आता मी उपकेंद्राच्या भिंतीवर आहे, किल्ली एकच आहे. पोरांनो, तुम्हाला कुणी झिडकारलं नाही रे. तुमचं कुणी वाचलंच नाही. पुन्हा एकदा लिहा.